जखम ज्याची त्याने लिहायची

वार लिहायचा, जखम लिहायची नाही. आखाड्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला दमयंती खरात हा नियम सगळ्यांत आधी शिकवत. तो नीट अंगी मुरायला एकेकाला महिना लागे, आणि बाईंना त्याची घाई नसे.

"म्हणजे काय, बाई?" मुलं विचारत.

"असं बघ. 'मी तलवार मारली आणि तुझा हात तुटला' असं लिहायचं नाही. 'मी तुझ्या खांद्याच्या दिशेने तलवार फिरवली', इथे थांबायचं. हात तुटला, नुसतं खरचटलं, की तू खाली वाकलास, ते समोरचा लिहील. हात त्याचा आहे ना?"

"आणि तो दर वेळी वाकलाच तर?"

"तर तो रडीचा डाव खेळतो, आणि ते सगळ्यांना दिसतं."

आखाडा म्हणजे फोनवरचा एक गट. त्यात चित्रं नव्हती, आवाज नव्हता, नुसती मराठी वाक्यं. दोघांनी आपापलं पात्र घेऊन समोरासमोर यायचं आणि पाळीपाळीने लिहायचं. दर पाळीला दहा मिनिटं, अशा दहा पाळ्या. कुणाचंही पात्र अमर नाही. समोरच्याला उत्तर देता येईल एवढी जागा प्रत्येक वाराने सोडायची. खेळाडूला जे ठाऊक आहे ते त्याच्या पात्राला ठाऊक नसतं. आणि शेवटचा नियम: पात्रावर वार करायचा, पात्रामागच्या माणसावर नाही.

बाई गडहिंग्लजच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. मुलं चार ओळी सलग लिहीत नाहीत म्हणून त्यांनी अकरा पोरांचा हा गट सुरू केला, आणि सात वर्षांत राज्यभर चार हजार मुलं त्यात लढू लागली. अवघड लढतींना पंच म्हणून अजूनही बाईच लागत.

त्या चार हजारांत दोन नावं सगळ्यांच्या तोंडी होती. मिरजेचा तन्वीर बागवान आणि खामगावची जुईली वाकोडे, दोघंही सतरा वर्षांची. तन्वीरचं पात्र उस्ताद, मगरीच्या कातड्याची ढाल बाळगणारा म्हातारा तलवारबाज. जुईलीची वल्हेकरीण, हातात फक्त नावेचं वल्हं. दोघं चार वर्षं एकमेकांशी लढत होती आणि एकमेकांना कधी भेटलेली नव्हती. लढत संपली की एकमेकांची वाक्यं काढून हसत बसत. 'ढालीला मगरीची दुर्गंधी येते हे लिहिलंस तेव्हाच मी हरले,' असं जुईली त्याला लिही. तरीही मोठ्या स्पर्धांत ती त्याच्याकडून चार वेळा हरली होती.

तन्वीरला बाई एकदा प्रत्यक्ष भेटल्या होत्या. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्या मिरजेला गेल्या, तेव्हा तो आईबरोबर स्टेशनवर आला. हातात डाळिंबांची पिशवी होती.

"बाई, घरात दिवसभर तुमचंच नाव असतंय बघा," त्याची आई रेहाना म्हणाली. "बोल की रे, बाईंशी बोल."

तन्वीरने तोंड उघडलं. 'बाई'तल्या 'ब' वर त्याचे ओठ अडकले, मान ताठ झाली, डोळे मिटले. बाजूचा हमाल थांबून बघू लागला. बाई थांबल्या. वर्गात अशा मुलांसाठी त्या नेहमी थांबत, वाक्य स्वतः पुरं करून देत नसत. पण तन्वीरने मान हलवली, फोन काढला आणि लिहून दाखवलं: 'बाई, तिकडे मी अडखळत नाही.'

"माहितीय," बाई म्हणाल्या. "तिकडे तुझ्याइतकं सरळ कुणीच बोलत नाही."

नंतर त्या बाजारात बागवानांच्या फळांच्या गाड्यावर गेल्या. प्रत्येक फळासमोर पुठ्ठ्याची पाटी होती, भाव ठळक लिहिलेला, म्हणजे कुणी विचारू नये. तरी विचारणारे विचारतच. मग तन्वीर बोटांनी भाव दाखवी.

ही गोष्ट बाईंनी कुणालाच सांगितली नसती. पण त्या वर्षी जोडीच्या स्पर्धेसाठी जुईली आणि तन्वीर एका संघात आले. जुईली त्याला फोन करू लागली. तो उचलेना. तिसऱ्यांदा तसं झाल्यावर तिने बाईंना फोन लावला.

"काहून बोलत नाही तो माझ्याशी? लिहायला चालतं, बोलायला चालत नाही? मी काय हलकी आहे का?"

"तसं नाही गं."

"मग कसं? तुम्हाला माहीत आहे, बाई. तुमच्या आवाजावरून कळतं."

बाईंना दोन चांगल्या मुलांची मैत्री तुटताना दिसत होती. त्यांनी सांगितलं. सगळंच सांगितलं, स्टेशन, पाट्या, बोटं. तिला नीट कळावं म्हणून. जुईली फोनवर रडली. "मी किती मूर्ख आहे," म्हणाली. "पुन्हा फोनचं नाव काढणार नाही. आणि मला माहीत आहे हे त्याला कधी कळू देणार नाही."

तिने शब्द पाळला. जोडीची स्पर्धा दोघांनी लिहून लिहून जिंकली.

याच सुमारास आखाड्यातली भांडणं वाढली. जखम ज्याची त्याने लिहायची हे अकरा मुलांत चालतं, कारण तिथे लाज असते. चार हजारांत लाज विरळ होते. पोरं पंधरा पंधरा वार चुकवू लागली. बाईंनी कुणाला टोकलं की त्याच्या आईचा फोन येई, "तुमच्या लाडक्यांनाच तुम्ही जिंकवता." अशात बाईंचा एक जुना विद्यार्थी एक यंत्र घेऊन आला. त्याचं नाव 'कौल'.

कौल कसा चालतो ते बाईंनीच मुलांना समजावून सांगितलं.

"शरीर मनाच्या आधी बोलतं. एखादं वाक्य झोंबलं की सेकंदाच्या आतबाहेर त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, पुसटसा घाम येतो, हृदयाचा एक ठोका किंचित लांबतो. 'मला काही लागलं नाही' असं लिहायचं तुम्ही ठरवता, त्याला याहून जास्त वेळ लागतो. तोवर शरीराने कबूल केलेलं असतं. कानामागे नखाएवढी पट्टी चिकटवायची, ती हे सगळं मोजते. तुमची नजर कोणत्या शब्दावर आहे ते फोनचा कॅमेरा बघतो. दोन्ही जोडलं की शून्य ते शंभरमधला आकडा मिळतो. साठच्या वर गेला तर वार लागला, शेवटी ज्याचे वार जास्त लागले तो जिंकला. नव्वदच्या वर गेला तर पात्र मेलं, लढत संपली."

"म्हणजे आता कुणीच खोटं बोलू शकणार नाही?"

"कुणीच नाही," बाई म्हणाल्या. त्यांना खरंच आनंद झाला होता. नव्या नियमावलीत त्यांनी स्वतःच्या हाताने ओळ घातली: कौलाच्या आकड्यापुढे पंचाचा शब्द चालणार नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी मुलांना सांगितली नाही, कारण ती त्यांच्याही लक्षात आली नव्हती. थर्मामीटरला ताप कळतो, तो कशाचा आहे ते कळत नाही. कौलालाही लागलेलं कळत होतं. तलवार लागली की आणखी काही, ते कळत नव्हतं.

पहिले तीन महिने मजेत गेले. मग आकडे घसरू लागले. रोज तलवारी वाचून शरीराला तलवारींची सवय होते, तेव्हा चाळीस, तीस, बावीस. कुणालाच काही लागेना. आणि एका लढतीत नांदेडच्या एका मुलाने प्रतिस्पर्ध्याच्या पात्राच्या वाटेत गाडीखाली चिरडलेलं एक तपकिरी कुत्रं पडलेलं दाखवलं. प्रतिस्पर्ध्याचा कुत्रा त्याच आठवड्यात तसा मेला होता, त्याने फोटोही टाकला होता. आकडा आला चौऱ्याहत्तर.

बाईंनी तो वार रद्द केला. माणसावर वार, नियमाविरुद्ध. नांदेडकरांनी गदारोळ केला, बाई पुन्हा बाजू घेतात म्हणून. शेवटी सगळ्यांच्या मताने ठरलं की पंचाला हरकत घेता येईल, पण कुणाच्या खऱ्या आयुष्यातल्या कोणत्या गोष्टीवर वार झाला ते सर्वांसमोर लिहावं लागेल. बाईंना ते रास्त वाटलं. न्याय उघड्यावरच व्हायला हवा, असं त्या मुलांना शिकवत आल्या होत्या.

राज्याची अंतिम लढत रविवारी सकाळी अकराला लागली. उस्ताद विरुद्ध वल्हेकरीण, पंच दमयंती खरात. अकरा हजार लोक वाचत होते.

आठ पाळ्यांत उस्तादाचे तीन वार लागले, वल्हेकरणीचा एकही नाही. तन्वीर कुणाच्या घरात डोकावत नसे. तो इतकं बारीक लिही की तलवार अजूनही लागे. ढालीच्या कडेला अडकलेला वल्हेकरणीच्या साडीचा एक धागा त्याने दोन पाळ्या ओढत नेला होता. वाचणारे श्वास धरून होते. नववी पाळी जुईलीची. दहापैकी नऊ मिनिटं काहीच आलं नाही. मग आलं:

'वल्हेकरीण वल्हं उलटं धरते आणि त्याची मूठ उस्तादाच्या गळ्याकडे रेटते. मूठ बसलीच, तर उद्या बाजारात त्याला स्वतःचं नावही एका दमात सांगता येणार नाही. पहिल्याच अक्षरावर ओठ अडकतील. लोक थांबून बघतील, कुणी हसू दाबेल. मग तो मान खाली घालून बोटांनी भाव दाखवील.'

नियमांच्या दृष्टीने वार निर्दोष होता. जखम लिहिलेली नव्हती, 'बसलीच तर' होतं. उत्तराला जागा सोडलेली होती.

बाईंच्या पडद्यावर आकडा चढू लागला. 'नावही' या शब्दावर अठ्ठावन्न. 'ओठ' वर सत्त्याहत्तर. 'बोटांनी' वर एक्क्याण्णव.

नव्वदच्या वर आजवर कुणी गेलं नव्हतं. वाचणाऱ्यांनी टाळ्यांच्या चिन्हांचा पाऊस पाडला. काय लागलं हे त्यांच्यातल्या एकालाही कळलं नव्हतं. बाईंना हरकत घ्यायला पंधरा मिनिटं होती. त्यांनी तन्वीरला खाजगीत लिहिलं.

'तन्वीर, मी हा वार रद्द करते.'

उत्तर यायला चार मिनिटं लागली.

'कारण काय लिहाल?'

'माणसावर वार, एवढंच.'

'तेवढं चालत नाही, बाई. काय लागलं ते लिहावं लागतं. अकरा हजार लोकांसमोर.'

बाईंनी काही लिहिलं, खोडलं. तो बरोबर होता. त्याला न्याय द्यायचा तर तो तोतरा आहे हे जगाला सांगायला हवं. गप्प बसलं तर तो हरणार, पण निदान झाकलेला राहणार.

'तू म्हणशील ते करते,' त्यांनी लिहिलं.

'बोटांनी भाव दाखवतो हे अम्मीला माहीत आहे, अब्बांना, गिऱ्हाइकांना. आणि तुम्हाला. तुम्ही सांगितलंत?'

इथे खोटं बोलता आलं असतं. जुईली कधीतरी मिरजेला येऊन गेली असेल, कुणी नातेवाईक असेल. एकतीस वर्षं बाई मुलांना खरं सांगत आल्या होत्या, त्यामुळे त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

'हो. दीड वर्षापूर्वी. तिने तुला फोन करून त्रास देऊ नये म्हणून.'

पाच मिनिटं उरली होती.

'दीड वर्षापूर्वी,' त्याने लिहिलं. 'म्हणजे त्यानंतर मी तिला तीनदा हरवलं. तेव्हा ती दया करत होती का?'

'नाही रे. कौलाला दया कळत नाही. त्या लढती तू जिंकलास.'

'तुम्हाला असं वाटतं. मला आता कसं कळणार? निकाल लावा, बाई. वेळ संपतोय.'

मग त्याने आखाड्यात आपली जखम लिहिली. यंत्र आल्यापासून तशी गरज उरली नव्हती, पण तो नेहमी लिही. 'मूठ गळ्यावर बसली. उस्तादाची ढाल पडते.' एवढंच.

बाईंनी जुईली वाकोडे विजयी असं जाहीर केलं.

दुपारी तिचा फोन आला. मागे ढोल वाजत होते.

"बाई! तुम्ही हरकत घेतली नाही."

"घेता येणार नाही हे तुला माहीत होतं."

ढोलांचा आवाज लांब गेला. दार लागलं.

"हो," जुईली म्हणाली. "माहीत होतं."

"का केलंस?"

"पाठवल्या पाठवल्या मला उलटी झाली, बाई. आईची शपथ. पण मग आकडा दिसला. एक्क्याण्णव! बाई, अठरा, चौदा, बारा असे माझे आकडे येतात. जीव तोडून लिहिलेल्या वाक्याला बारा. चार वर्षं मी त्याच्यासाठी चांगलं लिहीत आले आणि त्याला एकदाही एवढं लागलं नाही."

"तो तुझा मित्र आहे."

"होताच की. म्हणून तर माहीत होतं." मग हळूच, "नियम कुठे मोडला ते सांगा ना. मी उस्तादाबद्दल लिहिलं. गळ्यावर मार बसला की कुणीही अडखळेल. तुम्हीच शिकवलंत, समोरच्याला नीट बघा, मग वार करा."

बाईंनी तसं शिकवलं होतं, हे खरंच होतं.

झाकलेलं झाकलेलं राहिलं नाही. गळ्याच्या एका वाराला एक्क्याण्णव कसा आला, याचा शोध पोरांनी दोन आठवड्यांत लावला. कुणीतरी मिरजेच्या बाजारात जाऊन तन्वीरला डाळिंबाचा भाव विचारला आणि चित्रण केलं. बारा सेकंदांचं होतं ते. त्यातल्या अकरा सेकंदांत तो काहीच बोलत नाही.

त्यानंतर त्याच्या प्रत्येक लढतीत प्रत्येकाने गळ्यावरच वार केला. पहिल्यात ब्याऐंशी आला, तो हरला. दुसऱ्यात एकोणसत्तर, हरला. तिसऱ्यात एक्केचाळीस. मग सव्वीस, अकरा, सहा. बाई विज्ञान शिकवत आल्या होत्या, त्यांना याचं नाव माहीत होतं. तोच चटका पुन्हा पुन्हा बसला की नस उत्तर द्यायचं सोडते. दिवाळीपर्यंत तन्वीरला काहीच लागेनासं झालं, आणि तो सगळ्या लढती जिंकू लागला. धाग्यांसारखं बारीक लिहिणं त्याने सोडलं. तो आता समोरच्याची माहिती काढे, आणि दोन ओळींत काम संपवी. जळगावच्या एका मुलीने त्याच्याशी लढल्यावर चार दिवस शाळा बुडवली. तिच्या घरातलं काय त्याने शोधून काढलं, ते तिने कुणालाच सांगितलं नाही, म्हणून हरकतही घेता आली नाही.

पूर्वी तो लढतीच्या सुरुवातीला 'नमस्कार बाई' लिही. आता 'नमस्कार पंच' लिहू लागला.

रेहानाचा फोन आला. "बाई, पोरगं दुकानात पाट्या बी लिहीत नाही आता. कोण भाव विचारलं तर नुसतं बघतंय त्याच्याकडं. आधी अडखळत का हुईना, मला अम्मी म्हणायचं. काय झालंय त्याला? तुमचं ऐकतंय ते."

"बघते मी," बाई म्हणाल्या.

त्यांनी त्याला तीन पत्रं लिहिली. माफी मागितली, आखाडाच बंद करते म्हणाल्या. तिन्ही त्याने वाचल्याची खूण आली, उत्तर आलं नाही. आखाडा बंद करायचा प्रस्ताव मतदानाला आला आणि पडला. विरोधात मत देणाऱ्यांच्या यादीत तन्वीरचं नाव होतं.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी बाईंना एक निरोप आला. पाठवणारी मधुरा हातेकर, वय अकरा, आखाड्यात येऊन दोन महिने झालेली. बाईंनीच तिला पहिला नियम शिकवला होता, आणि ती तो आठवड्यात शिकली होती.

'नमस्कार बाई. तुम्ही कशा आहात? उद्या माझी लढत तन्वीरदादाशी आहे. गळ्याचं त्याला आता लागत नाही असं सगळे म्हणतात. त्याला दुसरं काय लागतं?'

बाईंनी चष्मा पुसला. हळूहळू, एकेक शब्द निवडून त्यांनी लिहिलं, जसं त्या लहान मुलांना नेहमी लिहीत.

'बाळा, कुणाला काय लागतं ते मी कधीच कुणाला सांगत नाही. ते विचारायचंही नसतं. तू तुझी तलवार छान लिही. हरलीस तरी चालेल.'

पलीकडे मधुरा लिहीत असल्याचे तीन ठिपके उमटले. ती सावकाश लिहिणारी मुलगी होती, शब्द नीट लिहिणारी.

'पण जुईलीताईला तुम्ही सांगितलं होतं ना, बाई? तीच म्हणाली. मग हा रडीचा डाव झाला. सांगायचं तर सगळ्यांना सारखं सांगायला हवं.'